मधली तीन बटणं

एक नॅपकिन. पांढरा, हिरव्या काठाचा. धुऊन धुऊन इतका विरलेला, की उजेडात धरला तर पलीकडचं कॅलेंडर वाचता यावं.

सतारीच्या वाळलेल्या भोपळ्याचा एक तुकडा, हाडासारखा टणक. त्याच्या खोलगट भागात चौकोनी भोकं.

जून १९९३ च्या परीक्षेची यादी. अठ्ठावीस नावं. माने आहे, माळी आहे. मगदूम नाही.

‘घोडी घासताना जास्त गेलं की परत येत नाही. म्हणून ऐकायचं जास्त, घासायचं कमी.’

टक टक टक टक ठप टक.

पान एकशे बारा. शेवटची ओळ: ‘मग दोरा तारेखाली सरकवून’. पुढे काही नाही.

*

“हे काय रे? तोडलास कीबोर्ड?” शेडबाळे बाई म्हणाल्या.

“तोडला नाही बाई. असाच बनवलाय. दोन हात, दोन तुकडे.”

“म्हणजे भावाभावांची वाटणी झाली म्हणायची,” खिडकीत बसलेले शौकतमामा म्हणाले आणि स्वतःच हसले.

२०१८ चा मार्च महिना होता. मिरजेतली दुपार. खाली मामांचं सतारीचं दुकान, वर बाईंची टायपिंग संस्था. संस्था म्हणजे आता नुसती पाटीच. आठांपैकी दोन मशीन कव्हर घालून कोपऱ्यात उभी होती आणि टेबलावर एक कॉम्प्युटर होता. बाई सदुसष्ट वर्षांच्या, मामा त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. मी बेचाळीसचा, पुण्यात एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा. पण त्या खोलीत शिरलो की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

रोज चार ते सहा मामा वर यायचे आणि बोलायचे. सतार कशी घडते, तंबोरा कसा घडतो ते. भोपळा कसा निवडायचा, लाकूड किती वर्षं वाळू द्यायचं, घोडी घासून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कशी काढायची. बाई ऐकता ऐकता टाइप करायच्या. मामांची शाळा चौथीपर्यंत झालेली. कानस धरली की हात स्थिर, पेन धरलं की थरथरायचा. मोतीबिंदूही वाढत होता. दोन वर्षांत एकशे बारा पानं झाली होती. जानेवारीत बाईंच्या उजव्या हाताची बोटं रात्रंदिवस बधिर राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, टायपिंग बंद. वाक्य अर्ध्यात थांबलं ते थांबलंच.

“दुसरं कुणी बघू या का टाइप करायला?” मी म्हणालो होतो.

“बघितलं की. एक पोरगी आली होती दोन दिवस,” मामा म्हणाले. “मी बोलायचो एक आणि ती लिहायची शुद्ध.”

“मग रेकॉर्ड करा मोबाईलवर.”

“त्या डबीला काय सांगू? ती ‘हं’ म्हणत नाही. बाई ‘हं’ म्हणतात.”

बाईंनी पट्टा बांधलेला उजवा हात मांडीवर ठेवला. “डॉक्टरांना काय जातंय बंद म्हणायला? टायपिंग बंद केलं तर मी दिवसभर करू काय? वाती वळू?”

माझी स्वतःची मनगटं तीन वर्षांपूर्वी दुखायला लागली तेव्हा मी असे दुभंगलेले कीबोर्ड बनवायला शिकलो होतो. दोन भाग खांद्यांइतके लांब ठेवले की मनगट बाहेर वळत नाही. मधला भाग थोडा उचलला की तळवे समोरासमोर येतात, नमस्कार करायच्या अर्ध्या वाटेवर. बाईंसाठी अक्षरांची मांडणी मी जुन्या मराठी मशीनचीच ठेवली होती. तशी मशीनं आता कुणी वापरत नाही, म्हणून सगळं हातानं जोडावं लागलं होतं.

गुरूचे उपकार फेडायला आलोय, असं मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली होती, “उपकार? कुठले?”

*

१९९३. आठ मशीन, आठ पोरं, एका वेळी एक तास. मागून बाई हातात लाकडी पट्टी घेऊन फिरायच्या. महिन्याभरानं हातांवर नॅपकिन पडायचा. बटणं दिसता कामा नयेत, बोटांनी आपापलं घर ओळखायचं. बाई स्वतः करून दाखवायच्या तेव्हा स्वतःच्या हातांवरही नॅपकिन टाकायच्या. नजर समोरच्या भिंतीवर आणि नॅपकिनखाली पन्नासचा स्पीड. आम्ही आ वासून बघायचो.

कीबोर्डच्या मध्यावर, डाव्या हाताच्या हद्दीत, एकाखाली एक तीन बटणं असतात. ती डाव्या पहिल्या बोटानं मारायची. मी उजव्यानं मारायचो. सोपं जायचं.

“मगदूम, हे बटण कुठल्या हाताचं?”

“डाव्या, बाई.”

“मग उजवा तिथं पाहुणा म्हणून गेलाय काय?”

पोरं हसायची. असं तीन महिने चाललं. मग परीक्षेची यादी लागली. त्यात माझं नाव नव्हतं.

“बाई, स्पीड आहे माझा. चाळीसच्या वर आहे.”

“स्पीड आहे. हात चुकतोय.”

“परीक्षेत हात कोण बघतं? कागद बघतात.”

“मी बघते,” बाई म्हणाल्या.

पुढची परीक्षा डिसेंबरात होती. साखर कारखान्यातली कारकुनाची जागा डिसेंबरपर्यंत थांबली नाही. वडिलांनी ती कुणाकुणाला सांगून माझ्यासाठी धरून ठेवली होती. रस्त्यात बाई दिसल्या की पुढे दोन वर्षं ते पलीकडच्या फुटपाथला जायचे.

डिसेंबरात मी पास झालो. योग्य हातानं.

*

पहिला: प्लायवूडचा.

बाईंनी दोन्ही भागांवर हात ठेवले, पाठ सरळ केली आणि ड्रॉवरमधून तोच नॅपकिन काढून हातांवर टाकला.

“बाई, आता कशाला?”

“सवय आहे. शौकतभाई, बोला काहीतरी. पुस्तकातलं नको, ते वाक्य चुकायला नको.”

“आज चहात साखर कमी आहे,” मामा म्हणाले.

टक टक टक ठप टक टक ठप.

पडद्यावर आलं ते वाक्य गाळलेल्या जागा भरा असल्यासारखं होतं. तीन अक्षरं कुठेच उमटली नव्हती.

“अंतर जास्त झालंय,” मी म्हणालो आणि दोन भाग जवळ आणले. तरी ठप.

दुसरा: हलक्या बटणांचा. मला वाटलं, वयामुळे बोटात जोर राहिला नसेल. फुंकर मारली तरी दबतील अशी बटणं बसवली. पुढच्या रविवारी आणून दिला. “छान आहे. मनगट खरंच दुखत नाही,” बाई म्हणाल्या. ठप.

तिसरा: दाबलेलं प्रत्येक बटण टिपून ठेवणारा. पुण्यात येऊन आकडे बघितले. दोन हजार ठोके आणि मधल्या तीन बटणांवर शून्य. शेजारच्या उभ्या ओळीवर मात्र सगळं व्यवस्थित. मी तर्क केला की मधली तीन लांब पडतात. चार मिलीमीटर जवळ घेतली, थोडी उंच केली. टोप्या कानशीनं घासून बोटाच्या आकाराच्या केल्या. त्या तीन बटणांवर मी तीन रविवार घालवले.

बाई दर वेळी म्हणायच्या, “होईल सवय.” आणि नॅपकिन टाकायच्या.

*

चौथ्या रविवारी मामा वर येताना काम घेऊनच आले. मांडीवर हाडाची घोडी, हातात कानस. घोडी म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी. दोन हात घासायचे, थांबायचे, तार लावून ऐकायचे. मी टेबलाशी तेच तीन बटणांचं काम करत होतो आणि बाई नॅपकिनखाली टाइप करत होत्या.

“मगदूम.”

“काय मामा?”

“तू डावीकडचं का घासायलायस?”

“अक्षरं तिथलीच गळतायत ना.”

“गळू देत. पण ठप उजवीकडनं येतोय. उजवा हात पडतोय लाकडावर. डाव्याचा आवाज हलका असतोय.”

नॅपकिनखालचे हात थांबले.

“शौकतभाई, चहा थंड होतोय तुमचा.”

“होऊ दे की.”

मी नॅपकिनकडे बघितलं. दोन भागांच्या मधल्या मोकळ्या जागेत, जिथं नुसतं टेबल होतं, तिथं कापडाला उंचवटा होता.

तोंडातून निघालेला आवाज माझा होता, पण चाल बाईंची.

“बाई, हे बटण कुठल्या हाताचं?”

खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली. बाईंनी नॅपकिन काढला, चार घड्या घातल्या आणि बाजूला ठेवला. उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर टेकलेलं होतं. डाव्या हाताची बाकीची बोटं बटणांवर वाकलेली आणि पहिलं तेवढं सरळ, वरातीत न नाचणाऱ्या सोयऱ्यासारखं बाजूला उभं.

“कधीपासून?”

“एकोणीस वर्षांची होते. विळीवर हात पडला, नस गेली. दिसायला बोट आहे. त्याला काही कळत नाही, त्यात जोरही नाही.”

“मग परीक्षा दिलीत ती?”

“शेजारच्या बोटानं थोडं उचललं आणि मधल्या तिघांसाठी उजवा जायचा.” बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “परीक्षेत हात कोण बघतं? कागद बघतात.”

पंचवीस वर्षं मी एक भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं: “माझी नोकरी गेली, बाई.”

“माहीत आहे.”

“आणि तुम्ही स्वतः...”

“हो.”

मी वाट बघितली. त्यांनी नॅपकिनची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“घेऊन जा ते,” शेवटी म्हणाल्या. “चांगलं केलंयस. माझ्या हाताचं नाही.”

*

जिन्यात मामांनी मला गाठलं. एक पायरी, एक श्वास, असे उतरत आले.

“चौतीस वर्षं खाली बसून ऐकतोय मी. बाईंच्या टायपिंगला लंगडी आहे. चार-पाच अक्षरं झाली की उजवा हात पलीकडं पळतोय आणि परत येतोय. तुम्ही पोरं एवढं शेजारी बसायचा, ऐकत नव्हता होय रे?”

“आम्हाला वाटायचं, तोच बाईंचा स्पीड.”

“तुमचं दोघांचं काय ते तुम्ही बघा. पण माझं वाक्य अडकलंय.”

“त्या नको म्हणाल्या, मामा.”

मामांनी दुकानाचं दार ढकललं. लाखेच्या पॉलिशचा वास आला. कोपऱ्यात भोपळे एकावर एक रचलेले. त्यातला एक उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. तडा गेलेला, बाद झालेला.

“तळवा ठेव आत.”

ठेवला. भोपळ्याचा पोटाचा भाग तळव्याखाली बरोबर बसला. बोटं न ताणता सगळीकडे पोचत होती.

“तुझी ती फळी सपाट. हात कुठं सपाट असतोय?” मामांनी भिंतीवरची सतार काढली. “आणि हा बघ डावा अंगठा. दांडीच्या मागं नुसता टेकलेला असतोय. बाईंचा पण तसाच. जागा सोडायला उजवा अंगठा. डावा जन्मभर बसून खातोय.”

*

भोपळा तीन आठवडे गाडीच्या डिकीत राहिला.

मला राग होता. ऑफिसात मी माझ्या दुभंगलेल्या कीबोर्डवर काम करायचो आणि मनातल्या मनात त्यांना बोलायचो. एका दुपारी असाच बोलत असताना माझं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं. मी हात थांबवले नाहीत, नुसता बघत राहिलो. तासभर. उजवा हात मध्यापलीकडे जात नव्हता. एकदाही गेला नाही. माझं दुखणं होतं ते दोन्ही मनगटांत सारखं. बाईंचं डावं मनगट ठणठणीत होतं, गेलं होतं ते पलीकडे पळणारं उजवं.

त्या शनिवारी मी भोपळा कापला.

पाचवा: भोपळ्याचा. भोकं पाडताना पहिला तुकडा फुटला. मामांना फोन केला. ते म्हणाले, आतून सुती कापड डकवून घे, मग पाड. डकवलं. प्रत्येक बटणाखाली हातानं तार जोडली. मधली तीन बटणं मी त्यांच्या जागेवरून उचलली आणि डाव्या अंगठ्याखाली, कमानीत बसवली. शेजारची ओळ बाईंच्या मधल्या बोटाकडे आधीपासूनच होती, ती तशीच ठेवली. सरळ राहणाऱ्या बोटासाठी भोपळ्याला एक गुळगुळीत खाच केली. तिथं बटण नव्हतं. बोट नुसतं टेकायचं.

बाईंनी दोन्ही तुकडे उलटेपालटे करून बघितले. मग ते निर्जीव बोट उजव्या हातानं उचलून खाचेत ठेवलं.

“याच्यासाठी केलीस जागा?”

“हो.”

“आणि ती तीन?”

“अंगठ्याला दिली.”

“म्हणजे पुन्हा पहिल्या धड्यापासून.”

“हो, बाई.”

“नॅपकिन टाक.”

“बाई, सुरुवातीला बघून करा. नवीन आहे.”

“मगदूम. नॅपकिन.”

मी टाकला. बाईंनी ड्रॉवर उघडून लाकडी पट्टी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. मी ती हातात घेतली नाही, पण दूरही सारली नाही.

*

पहिल्या दिवशी मिनिटाला अकरा शब्द.

“अकरा?” मामा म्हणाले. “तेवढ्यात मी नमाज पढून परत येतो.”

“या पढून. तोवर बारा करते.”

डावा अंगठा आळशी निघाला. दोन महिने बाईंचा उजवा हात मोकळ्या जागेत जायचा, टेबलावर पडायचा, आणि त्या स्वतःलाच म्हणायच्या, “शेडबाळे, कुठल्या हाताचं?” मी दर रविवारी मिरजेला. कधी अंगठ्याची बटणं एक मिलीमीटर खाली, कधी भोपळ्याचा कल थोडा कमी. आता मी आधी ऐकायचो. एकदा बाई म्हणाल्या, “मागच्या रविवारचंच बरं होतं, उगाच हलवलंस.” मी परत होतं तिथं नेलं. आई जेवताना विचारायची, “झाले का फेडून उपकार?” मी भाकरीकडे बघायचो.

ऑगस्टमध्ये छत्तीस झाले. मामा पावसाळी टोपी घालून वर आले आणि खिडकीत त्यांच्या जागेवर बसले. मोतीबिंदूमुळे डोळे एव्हाना नुसते उजेडाकडे वळायचे. बाईंनी पान एकशे बारा उघडलं.

“‘मग दोरा तारेखाली सरकवून’,” बाईंनी वाचलं. “पुढं?”

“मी काय म्हणत होतो?”

“तुम्हीच सांगा. तुमचं पुस्तक.”

मामांनी हवेतच दोन बोटांत तंबोऱ्याचा दोरा धरला. “हळूच पुढं घ्यायचा. घाई करायची नाही. तार आधी मुकी असते, मग कण्हते, मग एका जागी एकदम बोलायला लागते. तिथं थांबायचं. त्याच्या पुढं गेलात तर गेलात.”

“हं,” बाई म्हणाल्या.

नॅपकिनखाली हात चालत होते. दोन वेगवेगळ्या जागी, मध्ये वीतभर टेबल, आणि टेबलावर काहीच पडत नव्हतं. मामा डोळे मिटून ऐकत होते. वाक्य संपलं तरी त्यांचे कान टेबलाकडेच होते.

“काय झालं, शौकतभाई?”

“लंगडी गेली.”

“बरं झालं ना मग?”

“झालं की,” मामा म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, “चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.”

बाई हसल्या. मी त्यांना मोठ्यानं हसताना पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवशी चार पानं झाली. पुस्तक पुढच्या वर्षी संपलं, दोनशे सहा पानांचं. आता मामा नाहीत. बाई बहिणीकडे जयसिंगपूरला असतात. जाताना भोपळ्याचा डावा भाग त्यांनी मला दिला आणि उजवा स्वतःकडे ठेवला. “एकट्यानं काही उपयोगाचा नाही, म्हणजे हरवणार नाहीस,” म्हणाल्या. तो माझ्या टेबलावर आहे. कधी कधी मी ती तीन बटणं अंगठ्यानं दाबतो. कशालाच जोडलेली नाहीत.

जून १९९३ मध्ये यादी लागली त्या दिवशी बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.